रजिस्टर कोणाच्या पेटीत?

भामरागड तालुक्यातल्या एका रस्त्याची निविदा या आठवड्यात वाचायला मिळाली आणि जुनं दुखणं उसळलं. बी-१ या बांधकाम खात्याच्या निविदा-नमुन्याचा तोच मजकूर. सिमेंटचं रजिस्टर साइटवर हवं, त्यावर ठेकेदाराच्या आणि खात्याच्या माणसाची सही हवी. चाचण्यांचं रजिस्टर हवं, साइट ऑर्डर बुक हवं, मजुरांची हजेरी हवी, आणि इंजिनिअर मागतील तेव्हा सगळं समोर यायला हवं. हे सांभाळायचे वेगळे पैसे नाहीत. ते म्हणे दरातच धरलेत. मुरमाच्या ब्रासला दर आहे, वहीला नाही.

मग वहीही फुकटच्या वहीसारखी भरते. बिल निघायच्या आदल्या रात्री, एका बैठकीत, एकाच पेनानं तीन महिन्यांचं सिमेंट येतं आणि संपतं. तपासणी लागलीच तर पर्लकोटा नदी आहेच. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडच्या वस्तीत पाणी शिरलं, लोकांचं खरोखरचं नुकसान झालं. त्या पुराच्या नावावर किती रजिस्टरं वाहून गेली याचा पुरावा या स्तंभाकडे नाही, संशय मात्र भरपूर आहे. नदीसुद्धा शहाणी, मिक्सर ठेवते आणि कागद नेते.

याच तालुक्यात उन्हाळ्यात तेंदूची फळी, म्हणजे पानखरेदीचं केंद्र, लागते. पहाटे तोडून आणलेल्या पानांचे घरी पुडके बांधायचे, ७० पानांचा एक. असे हजार झाले की एक स्टँडर्ड बॅग. बाई आपले पुडके फळीवर ओळीनं मांडते. मुन्शी मोजतो, रजिस्टरात लिहितो आणि तोच आकडा तिच्या कार्डावर चढवतो. तिला अक्षरओळख नसेल, पण आपण किती बांधले हे तिला मुन्शीच्या आधी ठाऊक असतं. आकडा चुकला तर भांडण तिथंच होतं, माल समोर असताना. आणि मुन्शी काही धर्मार्थ बसलेला नसतो. लिहिण्याची मजुरी या धंद्यात हिशेबातच असते.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आपला तेंदू स्वतःच विकू लागल्या. ठेकेदारानं रॉयल्टी थकवल्याच्या तक्रारी तिथंही आहेत. पण किती थकवली हे गावाला सांगता येतं, कारण निम्मा हिशेब ठेकेदाराच्या पेटीत नसून घराघरांत आढ्याला खोचलेला असतो. रस्त्यावरच्या मजुराकडे काय खोचलेलं असतं? मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, तशी कडक: पानांना छापील नंबर, खोडलं तर सही. मात्र जिच्या शेतालगत खडी पडली, तिला ते पान बघायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा लागतो.

कागद गावाच्या हाती यायला काय करावं लागतं, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला विचारा. सामूहिक वनहक्क २००९ मध्येच मिळाला, बांबू गावाचा झाला. वाहतूक परवान्याचं पुस्तक मात्र वनखात्याकडे, म्हणजे आपलाच बांबू गाडीत घातला की चोरीचा. ते पुस्तक ग्रामसभेला मिळालं २७ एप्रिल २०११ रोजी, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघांना गावात यावं लागलं. एका पावतीपुस्तकासाठी एवढा लवाजमा!

‘आता सगळं मोबाइलवर येतंय’ असं सांगणारे भेटतातच. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो सक्तीचा झाला. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रकात मान्य केलं, की फोटोचा फोटो काढूनही हजेऱ्या लागतात. नेटवर्कसाठी जिथं टेकडी चढावी लागते, तिथं याहून वेगळं काय होणार होतं?

निविदेत फार बदलायला नको. रजिस्टर लिहिणाऱ्याची मजुरी दरपत्रकात वेगळी बाब म्हणून धरा, नोंदींची दुसरी प्रत दर आठवड्याला ग्रामसभेकडे द्या आणि हजेरीचं कार्ड मजुराच्या हातात ठेवा. निविदापूर्व बैठकीत ठेकेदार डांबराच्या भाववाढीबद्दल तासभर विचारतील. रजिस्टरांच्या कलमावर आजवर एकानंही शंका काढल्याचं ऐकिवात नाही.