आय-सेव्हनला भुलू नका, रॅमचा स्लॉट पाहा

मुंबई-गोवा महामार्गावरचे गडब हे पेण आणि रोह्याच्या मधले गाव. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना, आधी इस्पातचा आणि २०१० नंतर जेएसडब्ल्यूचा. त्याच्या आधाराने जगणारे लहानमोठे ठेकेदार, त्यांची बिले, हजेरीपत्रके, जीएसटीची विवरणपत्रे. घरोघरी पदवी-पदविकेला असलेली मुले, कुणी पेणला, कुणी पनवेलला, कुणी थेट लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात. अशा गावात लॅपटॉप ही आता चैन राहिलेली नाही, पण नवा, बारीक आणि हलका लॅपटॉप अजूनही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून लोक जुन्याकडे वळतात, आणि त्यात गैर काहीच नाही. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते घाऊक भावाने विकले जातात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पनवेलच्या दुकानात झाडूनपुसून मांडले जातात आणि वीस-पंचवीस हजारांच्या आसपास गिऱ्हाइकाच्या हातात पडतात. अडचण पुढे येते. दुकानदार एकाच मॉडेलचे तीन नग समोर ठेवतो. दिसायला तिन्ही सारखे, भावात मात्र चार-पाच हजारांचा फरक. यातला कोणता घ्यायचा? माझे म्हणणे असे की, जे नंतर बदलता येणार नाही त्यावर आज पैसे घालावेत आणि जे बदलता येते त्यावर वाचवावेत. आपल्याकडची खरेदी बहुधा नेमकी उलटी होते.

पहिला फसवा आकडा म्हणजे प्रोसेसरचा. ‘आय-सेव्हन आहे साहेब’ म्हटले की सौदा अर्धा पटतो. पण आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही झाली प्रोसेसरची श्रेणी. त्याचे वय सांगते ती पिढी, आणि ती स्टिकरवर ठळक दिसत नाही. नावातल्या पुढच्या आकड्यावरून ती ओळखावी लागते : ७६०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. आता आय-सेव्हन ७६००यू आणि आय-फाइव्ह ८२५०यू शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात दोन कोअर, दुसऱ्यात चार. २०१७ साली इंटेलने पातळ लॅपटॉपसाठीच्या याच वर्गात कोअर दुप्पट केले आणि जुन्या आय-सेव्हनचा रुबाब एका फटक्यात उतरला. शिवाय सातवी पिढी, एक-दोन अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; सुरक्षेची वाढीव मुदत घेतली तरी घरगुती गिऱ्हाइकाला ती एक वर्षाचीच. म्हणजे सातव्या पिढीचा आय-सेव्हन घेणारा माणूस जास्त पैसे मोजून कमी आयुष्य विकत घेतो. मॉडेलचे नाव पाहूनही भागत नाही. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० बहुतेक ठिकाणी आठव्या पिढीचा म्हणून विकला जातो, पण कंपनीने त्याच नावाने सातव्या पिढीचे नगही काढले होते.

बरे, दोन्ही आठव्याच पिढीचे असतील तर? तरीही आय-सेव्हनसाठी चार हजार जास्त देण्यात अर्थ नाही. आय-फाइव्ह ८२५०यू आणि आय-सेव्हन ८६५०यू या दोहोंत कोअर चारच, आणि दोन्हींची बांधणी १५ वॉटच्या हिशेबाने झालेली. पातळ अंगाच्या यंत्रात खरी मर्यादा उष्णतेची असते. दोन-पाच मिनिटे जोर लावला की पंखा गरगरतो आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. त्यात मे महिन्यातला कोकणातला उकाडा आणि २०११ पासून रखडत चाललेल्या महामार्गाच्या कामाची धूळ. पंखा आणि जाळी साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून घेतलेला आय-फाइव्ह हा धूळ भरलेल्या आय-सेव्हनला सहज मागे टाकू शकतो, आणि हा खर्च त्या चार हजारांच्या मानाने किरकोळ.

आता रॅम. माझ्या मते पिढी ठरली की सगळ्या निवडीचा कणा इथे आहे. या लॅपटॉपना वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा नसतेच; पडद्यावरचे चित्रसुद्धा याच रॅममधून वाटा उचलते. आठ जीबीमध्ये टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या चार-पाच टॅब निभावतात. त्यात व्हिडिओवरचा वर्ग किंवा मीटिंग आली, अभियांत्रिकीचे एखादे सॉफ्टवेअर आले, की यंत्र रॅमचा भार एसएसडीवर टाकू लागते आणि सगळेच मंदावते. सोळा जीबी हवीच, पण ती आजच हवी की उद्या चालेल, हे मदरबोर्ड ठरवतो. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. २०१९ च्या टी४९० मध्ये काही रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आणि सोबत एकच स्लॉट. एक्स१ कार्बन हा सव्वा किलोच्या आतला देखणा लॅपटॉप; त्यात सगळी रॅम सोल्डर केलेली, म्हणजे आठ जीबीचा घेतला तर तो शेवटपर्यंत आठचाच. जितका पातळ, तितका हट्टी, असा या जातीचा स्वभाव आहे. दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येते : टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावे. तिथे दोनपैकी एक स्लॉट वापरात असल्याची नोंद आणि ‘एसओडीआयएमएम’ असे दिसले तर जागा शिल्लक आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर ती रॅम सोल्डर केलेली समजावी. म्हणून स्लॉट असलेल्या लॅपटॉपमध्ये आठ जीबीचा स्वस्त नग घेणे शहाणपणाचे, आणि सोल्डरवाल्यात सोळाच घ्यावी, नाहीतर तो लॅपटॉप सोडून द्यावा.

यावर कुणी म्हणेल, रॅम स्वस्त असते, नंतर कधीही टाकू. पूर्वी हे बरोबर होते. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची एवढी ओढ लावली की साध्या रॅमचे भावही भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या आपल्या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. तेव्हा आजचा हिशेब वेगळा करावा लागेल : आठ आणि सोळाच्या नगांतला फरक सुट्या रॅमच्या चालू भावापेक्षा कमी असेल, तर स्लॉट असूनही सोळाचाच उचलावा. भाव विचारायला एक फोन पुरतो.

पडद्याबद्दल मात्र फारसा विचार करायचे कारण नाही. १३६६ बाय ७६८ चा पडदा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. एक्सेलचे रकाने त्यात मावत नाहीत आणि बाजूने पाहिले की रंग उडतात. फुल एचडी आयपीएस घ्यावा. फोर-केच्या नादी लागू नये, तो बॅटरी खातो. एसएसडी २५६ जीबीची असली तरी चालते, कारण यातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर बदलते. बॅटरीही बदलता येते, पण तिच्या नावाने भाव पाडून घ्यायला हवा. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात कंपनीने दिलेली क्षमता आणि आज उरलेली क्षमता एकाखाली एक येते. साठ वॉट-तासांची तीसवर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागावी. बाहेरून रंग दिलेले, स्किन चिकटवलेले झाकण पाहून भाव ठरवणाऱ्याने पेणच्या कारखान्यातून रंगकामाआधीच्या कच्च्या गणेशमूर्ती उचलणारे व्यापारी आठवावेत. त्यांना घडण पाहावीच लागते, रंग तिथे नसतोच.

माझा हा नियम मॅकबुकच्या बाबतीत अधिकच कडक होतो. २०२० साली ॲपलने दोन मॅकबुक एअर काढले, मार्चमध्ये इंटेलचा आणि नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या एम१ चिपचा. अंग जवळपास तेच, साल तेच, आणि जाहिरातीत अनेकदा नुसते ‘एअर २०२०’ एवढेच असते. आठ महिन्यांच्या या अंतराने मात्र नशीब पालटले : २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून इंटेलचा एअर पूर्ण वगळला गेला, एम१ आत राहिला. दोन्हींत रॅम आणि साठवण पक्की बसवलेली. इंटेलचा सोळा जीबीवाला मिळाला तरी एम१ चा आठवाला बरा, यावरून पिढीचा मान रॅमच्याही आधी, हे कळते. मात्र टॅलीप्राइम मॅकवर थेट चालत नाही. ज्याचे पोट त्या टॅलीवर आहे, त्या ठेकेदाराने एअरच्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की, थोडे पैसे घालून नवाच का घेऊ नये? वॉरंटी मिळते, बॅटरी कोरी असते. ज्याला यंत्र उघडायची धास्ती आहे आणि ज्याच्या ओळखीचा दुरुस्तीवाला पेणमध्येही नाही, त्याच्यासाठी हा मुद्दा खरा आहे. पण नव्यातल्या सगळ्यांत स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा दुबळा प्रोसेसर, सोल्डर केलेली आठ जीबी आणि फिका पडदा येतो, म्हणजे सहज न बदलता येणाऱ्या तिन्ही गोष्टींत तडजोड, वर एका वर्षाची वॉरंटी. दुसरा आक्षेप लिनक्सवाल्यांचा : सातव्या पिढीलाही लिनक्स टाकली की ती पाच वर्षे धावते. अगदी मान्य. कोडिंग शिकणाऱ्या मुलाने तसा स्वस्त नग खुशाल घ्यावा, फक्त आय-सेव्हनचा भाव देऊन नव्हे. डेस्कटॉप घ्या म्हणणाऱ्यांना मात्र दिवा-रोहा मेमूने रोज ये-जा करणारी मुले आणि पावसाळ्यात जाणारी वीज, ही दोनच उत्तरे पुरेशी आहेत.

एक गोष्ट विक्रेत्यांकडून मागून घ्यायला हवी. बिलावर आज ‘युज्ड लॅपटॉप, आय-सेव्हन, १ नग’ एवढेच येते. त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम सोल्डरची की स्लॉटची, बॅटरीची उरलेली क्षमता आणि बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नसल्याचे लिहून घ्यावे. जेमतेम चार ओळींचे काम आहे. सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून प्रोसेसर आणि रॅमचे तपशील दोन मिनिटांत कळतात, बाकीचे लॅपटॉप सुरू करून पाहता येते, आणि दुकानदाराला हे सगळे बहुधा आधीच ठाऊक असते, कारण घाऊक माल घेताना तो स्वतः हेच विचारतो.