सवलत कीं उपकार?

सरकारच्या तिजोरींत शिल्लक पडली म्हणजे प्रजा सुखी आहे, असें मानण्याची राज्यकर्त्यांची खोड जुनी आहे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९०२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर जें पहिलें भाषण केलें, त्यांत त्यांनीं या समजुतीवरच घाव घातला. दुष्काळानें व प्लेगानें लोक गांजले असतां शिल्लक पडते, याचा अर्थ एवढाच कीं, जरुरीपेक्षां अधिक कर त्यांच्याकडून घेतला जातो. मिठावरील कर उतरवावा व प्राप्तीवरील कराची माफी वाढवावी, ही त्यांची मागणी होती. १९०३ सालीं मिठाचा कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तीवरील कराच्या माफीची मर्यादा पांचशें रुपयांवरून हजारांवर गेली. परक्या सरकारनें, थोडेंसें कां होईना, ऐकलें. आतां स्वराज्यांत त्याच पुण्याच्या गृहस्थाची गत काय आहे, तें पाहूं.

स्वतःच्या घरांत राहणाऱ्या पुणेकराला मिळकतकराच्या आकारणींत ४० टक्के सवलत देण्याचा ठराव महानगरपालिकेनें १९७० सालीं केला. भाड्यानें दिलेल्या घरापासून उत्पन्न येतें, राहत्या घरापासून येत नाहीं. तेव्हां दोघांस एका मापानें मोजूं नये, हा न्याय उघड आहे. सुमारें पन्नास वर्षें लोकांनीं याच हिशेबावर घरें घेतलीं, कर्जाचे हप्ते बांधून घेतले, म्हातारपणाची तजवीज केली. पुढें लेखापरीक्षकांनीं आक्षेप काढला, राज्य सरकारनें सवलत बंद केली, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्यानें आकारणी झालेल्या घरांस ती मिळेनाशी झाली. एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या बिऱ्हाडांस दोन निराळीं बिलें येऊं लागलीं. कित्येकांस तर मागील फरकासह आलीं. फार ओरड झाली, तेव्हां २०२३ सालीं सवलत परत आली. पण ती कशी? ज्यांची ती गेली होती किंवा ज्यांस ती मिळालीच नव्हती, त्यांनीं आपण आपल्याच घरांत राहतों हें पी. टी. ३ नांवाचा अर्ज भरून, पुराव्याचे कागद जोडून, ठराविक मुदतींत सिद्ध करावें, या अटीवर! काढून घेतांना ज्यांनीं कोणास विचारलें नाहीं, त्यांनीं परत देतांना मात्र रांग लावली.

माझा आक्षेप सवलतीच्या रकमेवर नाहीं. तो 'सवलत' या शब्दावरच आहे. न्यायानें जें द्यावयाचें तें सवलत म्हणून दिलें, कीं देणारा दाता होतो आणि घेणारा याचक होतो. दात्यानें हात आखडला तर याचकानें कारण विचारावयाचें नसतें. या वृत्तीचा दाखला शास्तीच्या नियमांत मिळतो. नागरिकाचा कर थकला, तर महिन्याला दोन टक्के शास्ति लागते, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. इतकें व्याज खासगी सावकारानें घेतलें, तर आपण त्याला काय म्हणतों तें सर्वांस ठाऊक आहे. उलट नागरिकाकडून जास्त घेतलेला पैसा मात्र पुढील बिलांतून सावकाश वळता व्हावयाचा. दोन टक्क्यांचा हाच न्याय उलट दिशेनें लागूं कां नसावा?

यावर कोणी म्हणेल, शहर चालवावयाचें तर पैसा पाहिजे. हें मला सर्वस्वीं मान्य आहे. रस्ते, दिवे, गटारें, पाणी हीं फुकट येत नाहींत. पण मग मोबदल्याचा हिशेबही झाला पाहिजे. २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें शहरांत घेतलीं गेलीं. कर शहराचा लागूं झाला. पाणी मात्र पुष्कळ ठिकाणीं टँकरचेंच राहिलें. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जी. बी. एस. या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली, आणि संशयाचें बोट दूषित पाण्याकडे वळलें. ज्याच्या घरीं हा आजार शिरला, त्यानें पाण्याची किंमत तीनदां मोजली: एकदां कर म्हणून, एकदां टँकरवाल्याला, आणि तिसऱ्यांदा इस्पितळांत. ही तिसरी रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. ती घरच्या ठेवी मोडून भरली जाते.

मिळकतकराचें बिल निदान हातांत येतें, म्हणून राग तरी येतो. जो कर जिनसांच्या किंमतींत लपून येतो, त्याचा राग कोणावर काढावयाचा? १८ जुलै २०२२ पासून बंद पिशवींतील नाममुद्रित तांदूळ, पीठ, दहीं, ताक यांवर ५ टक्के वस्तु व सेवा कर बसला. सुटा माल घेतल्यास कर नाहीं, असें समाधान करण्यांत आलें. पण दोघेंही नोकरीवर जाणाऱ्या घरांत सुटें दहीं कोणी व कोठून आणावें? त्यांतही पंचवीस किलोंहून मोठ्या धान्याच्या पिशवीला माफी मिळाली. म्हणजे ज्याला एकदम पोतें घेण्याची ऐपत, तो सुटला. आणि जो पगाराच्या तारखेकडे डोळे लावून किलोकिलोनें आणतो, तो सांपडला. मिठाचा कर निंद्य ठरला होता तो याच कारणानें कीं, त्याचा भार गरिबावर त्याच्या ऐपतीच्या मानानें सर्वांत अधिक पडे.

मागणें फार नाहीं. राहत्या घराच्या कराचा नियम कायद्यांत स्पष्ट लिहावा. ठरावाच्या दोरीवर त्याला टांगून ठेवूं नये. घरांत धनी राहतो कीं भाडेकरी, हें शोधण्याचें काम कर बसविणारानें करावें. थकलेल्या करास जें व्याज, तेंच जास्त घेतलेल्या करास असावें. आणि नव्या गांवांत नळाला शुद्ध पाणी येईपर्यंत पुरा कर मागूं नये. यांत दयेची याचना कोठेंच नाहीं. घरची गृहिणी महिनाअखेर वहींत जी बेरीज मांडते, तींत पदरचा एक रुपयाही लपवितां येत नाहीं. शहराची भरभराट मोजावयाची असेल, तर कारभाऱ्यांनीं प्रथम ती वही उघडून वाचावी.