कॅमेऱ्याची बॉडी बदलण्याआधी हिशेब करा

लग्नाचा बस्ता आणि लग्नाचे फोटो हे दोन धंदे आता एकमेकांना चिकटून चालतात. पेठसारख्या तालुक्याच्या गावी बस्ता बांधून झाला की गिऱ्हाईक पैसे मोजता मोजता विचारते, "शेठ, फोटोवाला कोण चांगला आहे?" म्हणून फोटोचे काम करणारी मुले आपली कार्डे आमच्यासारख्या कापड दुकानदारांकडे ठेवून जातात, आणि त्यांच्या धंद्याची सुखदुःखेही आमच्या काउंटरवरच बोलली जातात. अलीकडे त्यांत एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो. कॅमेऱ्याची बॉडी बदलायची आहे, हाताशी पैसे थोडे आहेत, काय करावे?

आम्ही कापडवाले, फोटोतले तज्ज्ञ म्हणवून घेण्याचा आमचा दावा नाही. परंतु साधे शिलाई मशीन चालू असताना पिकोचे मशीन घ्यावे की नाही, हा प्रश्न जसा दर्ज्याच्या हिशेबाचा असतो तसाच हा आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे पन्नास-साठ हजारांपलीकडे मोकळा पैसा नाही त्याने नवी फुल फ्रेम बॉडी हप्त्यावर घेऊ नये. आधी लेन्स घ्यावी, मग आपल्याच कंपनीची, आपल्याच माउंटची, वापरलेली पण वरच्या दर्जाची बॉडी घ्यावी, आणि जुनी बॉडी विकू नये. हे मत अनेकांना पटणार नाही. पण आकडे पाहा.

आपल्या भागातल्या बहुतेक मुलांकडे कॅननची १५०० डी किंवा २०० डी, नाहीतर निकॉनची डी ५६०० अशा बॉड्या आहेत, आणि सोबत पेटीत आलेली १८-५५ ची किट लेन्स. तक्रार एकच : रात्रीच्या मांडवात फोटो काळा येतो, उजळ केला तर दाणे दिसतात. तक्रार खरी आहे. पाड्यावरचे लग्न रात्री उशिरापर्यंत चालते, मांडवात चार एलईडी, त्यातली वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. बोहाड्याचे मुखवटे टिपायचे तर त्याहून कठीण. आता यावर दुकानदार सांगतो, फुल फ्रेम घ्या. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, आणि या मुलांच्या कॅमेऱ्यांतला साधारण २३ बाय १५ चा. म्हणजे उजेड झेलणारे क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीच पट झाले. हा फायदा मोठाच आहे, आम्ही नाकारत नाही.

पण किट लेन्स पन्नासच्या पुढे फिरवली की तिचे तोंड एफ ५.६ वर आलेले असते. त्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स लावली तर उजेड किती वाढतो? ५.६ ला १.८ ने भागा आणि उत्तराला त्यानेच गुणा. साडेनऊ पटींहून जास्त येते. कॅननची ही लेन्स दहा-बारा हजारांच्या घरात मिळते, वापरलेली आणखी कमी. लाखाच्या पुढची नवी बॉडी अडीच पट देते आणि दहा-बारा हजारांची लेन्स साडेनऊ पट. कोणता कापडवाला असा सौदा सोडून देईल? या लेन्सच्या अडचणीही आहेत. तोंड पूर्ण उघडले की खोली कमी होते, नवरीचे डोळे स्पष्ट आणि मागची करवली धूसर. वीस जणांचा ग्रुप त्यात बसणार नाही. त्याला किट लेन्स आणि फ्लॅशच लागेल. पण हळदीतले चेहरे, नवरा-नवरीचे एकट्याचे फोटो, अल्बमची मुख्य पाने याच लेन्सवर निघतात.

मेगापिक्सेलच्या आकड्याला तर अजिबात भुलू नये. धाग्याचा काउंट जास्त म्हणजे कापड टिकाऊच, असे समजणारे गिऱ्हाईक आम्ही रोज पाहतो. तसाच हा प्रकार आहे. १५०० डी मध्ये २४ मेगापिक्सेल आहेत आणि २०१२ साली आलेल्या कॅननच्या फाइव्ह डी मार्क थ्री मध्ये २२. तरीही मोठ्या लग्नांत वर्षानुवर्षे मार्क थ्री चालली. २४ मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार ठिपके रुंद असतो. १२ बाय ३६ च्या अल्बमचे एक पान, म्हणजे १८ इंच, त्यावर तो टाकला तर इंचाला ३३३ ठिपके पडतात. छपाईला ३०० पुरतात. दोन्ही पानांवर पसरला तर १६६ पडतात, आणि तेवढा मोठा अल्बम कोणी नाकाला लावून पाहत नाही.

आता आमच्या स्वतःच्या दुखण्याची गोष्ट. अल्बम आला की गिऱ्हाईक आमच्याकडे येते, "शेठ, तुम्ही मरून शालू दिला होता, फोटोत तर लालभडक दिसतो." कधी तो जांभळट दिसतो, कधी पदरावरची जर लाल रंगात बुडून जाते. कापडाचा दोष नसताना बोलणी आम्हाला खावी लागतात. मुले म्हणतात, चाचा, कॅमेरा जुना आहे, बॉडी बदलली की रंग सुधारेल. आम्हाला ते पटत नाही. गडद लाल कापडावर सेन्सरचा लाल हिस्सा आधी भरून जातो आणि मग पोतही जातो, जरही जाते. हे लाखाच्या बॉडीतही होते. थोडा कमी उजेड घेऊन फोटो काढला, जेपीजीऐवजी रॉ मध्ये काढला, मांडवातल्या दिव्यांप्रमाणे व्हाइट बॅलन्स हाताने लावला तर शालू शालूसारखा दिसतो. त्यासाठी लागते ते काही शे रुपयांचे राखाडी कार्ड. रंगीत एलईडी नवरीच्या अंगावर सोडायचे नाहीत, एवढे मांडववाल्याला सांगायला तर पैसेही लागत नाहीत.

मग बॉडी बदलायचीच नाही काय? बदलायची, पण कारण योग्य हवे. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण कोणी बोलतच नाही, ते म्हणजे दुसरे कार्ड. खालच्या दर्जाच्या बॉडीत मेमरी कार्डाला एकच खाचा असतो. ते कार्ड बिघडले तर कोणाच्या मुलीचे लग्न परत लागणार आहे? नुकसानभरपाई म्हणून पैसे परत केले तरी त्या घरात तुमचे नाव कायमचे गेले, आणि पेठ गाव केवढे! निकॉनच्या डी ७२०० आणि डी ७५० मध्ये, कॅननच्या फाइव्ह डी मार्क थ्री मध्ये दोन कार्डे बसतात. प्रत्येक फोटो दोन्हीकडे जातो. कॅननची सिक्स डी फुल फ्रेम असूनही तिला एकच कार्ड आहे. स्वस्त मिळते म्हणून तिच्याकडे धावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे कारण शटरचे. एका लग्नात अडीच हजार वेळा बटण दाबले जाते असे धरा. हंगामात पंचवीस लग्ने केली तर साडेबासष्ट हजार झाले. खालच्या दर्जाच्या बॉडीचे शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेले असते. म्हणजे दोन हंगामांत ते म्हातारे होते. लाखानंतर ते लगेच तुटते असे नाही, पण भर लग्नात तुटले तर? म्हणूनच जुनी बॉडी विकू नका म्हणतो. तिचे आठ-दहा हजार येतील, त्यापेक्षा ती पिशवीत दुसरी म्हणून पडून राहणे जास्त किमतीचे आहे.

माउंटचा मुद्दा फार जणांना महागात पडतो. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसतात, पण डी ७५० वर चोवीस मेगापिक्सेलचे जेमतेम दहा उरतात. म्हणजे बॉडी घेतली की लेन्सही नव्याने घेणे आले, आणि साठ हजारांचा बेत एक लाखावर गेला. ५० ची साधी लेन्स मात्र दोन्हींवर चालते. आधी लेन्स घ्या असे सांगण्याचे तेही एक कारण. निकॉनवाल्यांना आणखी एक लाभ आहे. डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नाही, डी ७२०० आणि डी ७५० मध्ये ती आहे, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स, ज्या बाजारात स्वस्त पडतात, त्या या बॉड्यांवर आपोआप फोकस करतात.

दुकानदार म्हणेल, डीएसएलआरचे दिवस संपले, आता मिररलेसचा जमाना आहे. जमाना आहे खरा. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणले आणि नवे काम तिकडेच चालले आहे. त्यांचा डोळ्यावर फोकस धरण्याचा गुण आम्ही पाहिला आहे, तो उत्तम आहे, व्हिडिओला तर फारच. पण मोठे फोटोग्राफर मिररलेसकडे गेले म्हणूनच त्यांच्या चांगल्या डीएसएलआर बाजारात उतरल्या. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून पुढे मिररलेसवरही चालतील, तेव्हा आज घेतलेली लेन्स वाया जात नाही. निकॉनच्या अडॅप्टरवर मात्र एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच फिरवावा लागतो.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. "नो कॉस्ट ईएमआय" हा शब्द आम्हाला सेलच्या पाटीसारखा वाटतो. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, प्रोसेसिंग फी वेगळी, व्याजाच्या भागावर जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याजाचा व्यवहार टाळू पाहणाऱ्या आपल्या बांधवांनी शब्दाच्या आत काय आहे ते पाहावे. ते बाजूला ठेवले तरी हिशेब असा : समजा लग्नामागे अल्बम, पेट्रोल, मदतनीस जाऊन पाच हजार उरतात आणि हंगामात वीस लग्ने होतात. वर्षाचा एक लाख झाला. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला हंगाम पाऊस पडला की थांबतो, आणि आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. हप्ता मात्र जुलैतही येतो आणि ऑगस्टमध्येही.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे या संदर्भात आठवतात. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले आणि पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडते. परंतु परत आल्यावर त्यांनी काय केले तेही पाहावे. एकदम मोठा खेळ मांडला नाही. कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचे महिनाभर चित्रण केले, ते दाखवले, आणि मग पैसे लावणारे पुढे आले. फिल्मला भोके पाडण्याचे काम घरात सरस्वतीबाई करीत. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांसमोर आला.

दुसरे मालेगावचे शेख नासिर. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' साध्या व्हीएचएस कॅमेऱ्यावर केला. ट्रॉलीला सायकल, क्रेनला बैलगाडी. त्यांच्या सुपरमॅनच्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा हिंदी चित्रपट आला. कॅमेरा भारी नव्हता हे कोणाच्या आड आले नाही. अर्थात आज लग्नात सायकलची ट्रॉली चालणार नाही, गिऱ्हाईक मोबाइलवर मुंबईची लग्ने पाहून येते.

वापरलेली बॉडी घेणार असाल तर पावसाळ्यात घ्या. तेव्हा विकणारे असतात आणि घेणारे कमी. पेठहून नाशिक पन्नासएक किलोमीटर, सावळघाट ओलांडून जायचे, तेव्हा एका फेरीत काम उरकायचे म्हणून घाई करू नये. आधी तेच मॉडेल एका कार्यासाठी भाड्याने आणून पाहावे. शटर किती चालले ते निकॉनच्या फोटोतल्या माहितीतच कळते. कॅननचे सॉफ्टवेअरने पाहावे लागते. मार्क थ्री आणि डी ७५० यांची शटरे दीड लाखाच्या हिशेबाची आहेत, साठ-सत्तर हजार चाललेली मिळाली तर चांगली समजावी. दोन्ही खाचांत आपली कार्डे घालून पाहा. लेन्सच्या आतून बॅटरीचा उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आपल्या दमट हवेत ती पसरते, म्हणून घरीही सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे.

नवीच घेणार असाल तर जीएसटी १८ टक्के आहे. ज्यांची नियमित नोंदणी आहे त्यांना तो वजावटीला मिळतो, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. बिल दुकानाच्या नावे, आपल्या नंबरासह घ्यावे. वॉरंटी कार्ड भारतातलेच आहे ना ते पाहावे, आणि बॉडीवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.