हायब्रिडच्या ब्रेकचा बागुलबुवा

"हायब्रिड आहे, घरी हात लावू नका, शॉक बसेल!" अमेरिकेतल्या गॅरेजांचं हे पालुपद ऐकून कान किटले राव. २००४ ते २००९ च्या प्रियसमधल्या हाय व्होल्टेजच्या केशरी केबल पुढच्या कॅलिपरपर्यंत येतच नाहीत. खरा धोका वेगळाच: ड्रायव्हरचं दार उघडलं की ब्रेकचा पंप आपोआप दाब भरतो. कॅलिपर उतरवलेला असेल तर पिस्टन बाहेर, बोटं चेमटली! म्हणून आधी १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, थोडं थांबा. (डिकी उघडीच ठेवा, ती विजेवर उघडते.) तार परत जोडायची ती सगळं बसवल्यावरच. बाकी काम साध्या गाडीसारखंच. बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण स्लाइड पिना जाम होतात. त्या साफ करून ग्रीस लावा. ब्रेक ऑइल बदलायचंय? मग खुशाल गॅरेजला जा, तिथे स्कॅन टूल लागतं.