ईडिपसचा गुन्हा कोणता ?

ग्रीक शोकांतिकेविषयीं आमच्याकडे एक समजूत इतकी रूढ झाली आहे कीं, तिच्याबद्दल शंका घेणाराच अडाणी ठरतो. नायक थोर असावा, त्याच्या स्वभावांत एखादा दोष असावा, आणि त्या दोषापायीं त्याचा नाश व्हावा, हें तें सूत्र. विद्यार्थी तें पाठ करितो, परीक्षेंत लिहितो, गुण मिळवितो. आणि पुढें जन्मभर कोणतेंही ग्रीक नाटक हातीं आलें कीं, त्यांत दोष हुडकीत बसतो. हें सूत्र चुकीचें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आधार म्हणून अॅरिस्टॉटलचें नांव पुढें करण्यांत येतें. परंतु त्याच्या ‘काव्यशास्त्रां’तील शब्द आहे ‘हमार्तिया’, आणि तो ज्या धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें. होमरच्या काव्यांत फेंकलेला भाला शत्रूला लागला नाहीं, तर हाच धातु येतो. नायकाची दशा पालटते ती दुष्टपणामुळें नव्हे, तर मोठ्या हमार्तियेमुळें, असें अॅरिस्टॉटल बजावून सांगतो. नेम चुकणारा योद्धा दुर्गुणी असतो काय ? पण शेक्सपिअरवरील टीका वाचून मग ग्रीकांकडे वळणाऱ्यांना ‘चुकी’पेक्षां ‘स्वभावदोष’ हा अर्थ सोयीचा वाटला. ई. आर. डॉड्स या पंडितानें १९६६ सालीं या गैरसमजाचा चांगला समाचार घेतला. तरी तो गेला नाहीं.

अॅरिस्टॉटलला स्वतःला आदर्श वाटलेलें सोफोक्लीजचें ‘ईडिपस राजा’ हेंच नाटक घ्या. ईडिपस रागीट होता, गर्विष्ठ होता, असें आम्हांस सांगतात. टायरेसियसवर तो संतापतो, क्रेऑनवर भलता आळ घेतो, हें खरें. पण तोंपर्यंत पितृहत्येला वर्षें लोटलीं आहेत आणि मातेच्या पोटीं त्याला चार अपत्यें झालीं आहेत ! आजच्या रागानें कालची हत्या कशी घडावी ? बरें, तिवाट्यावरची ती हत्या तरी कशी झाली ? रथांतील अनोळखी म्हाताऱ्यानें वाटसराच्या डोक्यांत पराणी हाणली. वाटसरानें उलट वार केला. आईबापांना आपल्या हातून अपाय होऊं नये म्हणून जो कॉरिंथ सोडून निघाला होता, त्यालाच तिवाट्यावर खरा बाप भेटावा, यांत त्याचा स्वभाव कोठें आला ?

मग त्याला नायक कोण करितें ? त्याचें न थांबणें. थीब्जमध्यें सांथ आहे, खुनी सांपडल्यावांचून ती हटणार नाहीं, आणि शोध त्याच्याच दाराशीं येऊं लागला आहे. जोकास्टा विनविते कीं, पुरे करा. म्हातारा धनगर गयावया करितो. ईडिपस विचारीतच राहतो. पुढें डोळे फोडून घेतल्यावर, दुःख अपोलोनें आणलें, पण प्रहार करणारा हात माझाच, असें तो सांगतो. दैवाचें दैवाकडे आणि आपलें आपल्याकडे, असा हिशेब मांडणारा माणूस आम्हांस तरी गर्विष्ठ वाटत नाहीं.

सूत्र टिकतें याचें कारण वाङ्मयांत नाहीं, आमच्या घरांत आहे. शेजाऱ्यावर घाला पडला कीं, ‘त्याचेंच कांहीं तरी चुकलें असेल’ असें म्हटल्यावांचून आम्हांस झोंप येत नाहीं. या जन्मीं चूक सांपडली नाहीं, तर मागच्या जन्मांत शोधतों. सोफोक्लीजच्या नाटकांत मागचा जन्म नाहीं. निरपराध माणूसहि असा चिरडला जातो, हें पाहण्याची भीति आम्हांला वाटते, आणि त्या भीतीला आम्ही नीति म्हणतों.

खुद्द सोफोक्लीजला काय वाटत होतें, तें त्यानें लिहून ठेविलें आहे. नव्वदीच्या घरांत आलेल्या या कवीनें ‘कोलोनस येथील ईडिपस’ रचलें. त्याच्या मृत्यूनंतर, ख्रि. पू. ४०१ मध्यें, त्याचा प्रयोग झाला. त्यांत आंधळा ईडिपस ठणकावून सांगतो कीं, मीं जें केलें तें नकळत केलें, आणि केलें त्याहून अधिक सोसलें. अथेन्सचा राजा थीसियस त्याला आश्रय देतो. तो कोण आहे, हें थीसियसला ठाऊक आहे. तुझा दोष कोणता, हें मात्र तो विचारीत नाहीं.