गुरुजी हवेत, पण त्यांच्याच खर्चाने

वैद्यकीय पदवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बारा महिने रुग्णालयात आंतरवासी म्हणून राबतो आणि शासकीय महाविद्यालयात त्याबद्दल त्याला विद्यावेतन मिळते. आय.टी.आय.तून कारखान्यात शिकाऊ म्हणून उभा राहणारा मुलगा १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतनाचा हक्कदार असतो. पोलीस शिपाई प्रशिक्षण केंद्राच्या दारातून आत गेला की त्याचा पगार सुरू होतो. हे सर्व योग्यच आहे; जो समाजाच्या उपयोगाचे काम शिकतो आणि शिकता शिकता ते काम करतोही, त्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता समाजाने वाहावी, यात उपकार कसला? मात्र हाच न्याय जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस आठवडे वर्ग सांभाळणाऱ्या छात्राध्यापकाला लागू होत नाही. त्याने फी भरायची, खोलीचे भाडे भरायचे, एस.टी.चा पास काढायचा, पाठ टाचणाच्या वह्या, तक्ते आणि शैक्षणिक साहित्य पदरचे आणायचे, आणि एवढे करून पुढे ‘राष्ट्राचा शिल्पकार’ म्हणवून घ्यायचे!

ही अवस्था पूर्वापार चालत आलेली आहे, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. मराठी मुलखातील प्राथमिक शिक्षकाची जुनी वाट अशी होती : व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला खेड्यातला मुलगा ट्रेनिंग कॉलेजात जाई आणि तेथे त्याला सरकारी विद्यावेतन मिळे. रक्कम तुटपुंजी असे. पण त्या तुटपुंज्या रकमेवर शेतकऱ्याचा, सुताराचा, बलुतेदाराचा मुलगा मास्तर होऊ शके. परकीय सरकारने हे दातृत्वापोटी केले नव्हते. शाळा चालवायच्या तर मास्तर लागतात, आणि घरचे पोसू शकणार नाहीत अशांमधूनच ते आणायचे तर त्यांना शिकतेवेळी पोसले पाहिजे, एवढा हिशेब त्याला कळत होता. स्वराज्यातील सरकारला तो कळेनासा झाला आहे.

शिक्षक कोणत्या घरातून येतो, हा प्रश्न या मुलखात प्रथम नि:संदिग्धपणे विचारला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये आणि त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, असा आग्रह धरला. जातीचा, प्रशिक्षणाचा आणि पैशाचा प्रश्न त्यांनी एकाच ठिकाणी मांडला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बहुजनांच्या मुलांना बहुजनांतला शिक्षक मिळावा असे नुसते म्हणून भागत नाही; तो शिक्षक घडत असताना त्याच्या चुलीचे काय, याचेही उत्तर द्यावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते उत्तर आपल्या परीने दिले. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले, आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेत रुजवले. परंतु एका लोकोत्तर पुरुषाने आपल्या हिमतीवर जे केले, ते राज्यसंस्थेने कर्तव्य म्हणून करायचे असते.

ते कर्तव्य कागदावर मान्य झालेही होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्थांतील शिकवणी फी रद्द करावी आणि विद्यावेतन व कर्ज यांची सढळ तरतूद करावी, अशी स्पष्ट शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, गारगोटीसारख्या आडवळणाच्या गावी मौनी विद्यापीठ उभे करणारा आणि खेड्यातील शाळेचे अर्थशास्त्र प्रत्यक्ष पाहिलेला माणूस. म्हणजे ही शिफारस दिल्लीतील वातानुकूलित खोलीत कोणाला सुचलेली लहर नव्हती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत हे कोठारी आयोगाचे वचन प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी उच्चारले जाते. फी रद्द करून विद्यावेतन द्या, हे वचन मात्र कोणी चुकूनही उच्चारत नाही.

नंतर जे घडले ते नेमके उलट होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे युग आले. अभियांत्रिकीच्या पाठोपाठ शिक्षक-प्रशिक्षण हाही धंदा आहे आणि त्याला भांडवल फारसे लागत नाही, हे पुढाऱ्यांच्या ध्यानी आले. प्रयोगशाळा नको, यंत्रे नकोत. चार खोल्या, एक फलक आणि मान्यतेचा कागद पुरे. २०००च्या दशकात डी.एड. विद्यालयांचे पीक असे आले की राज्य सरकारने प्रतिकूल मत दिलेले असतानाही २९१ संस्थांना मान्यता देण्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. देशातील सेवापूर्व प्रशिक्षणाच्या संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के संस्था खासगी हातांत आहेत, हे त्या आयोगाने २०१२ साली नोंदवले, आणि शासनाने या क्षेत्रात स्वतः गुंतवणूक वाढवावी असे सांगितले. सरकारने या अहवालातून उचलले काय? प्रशिक्षणाचा काळ वाढवावा, एवढे. २०१४च्या नियमावलीने बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. शैक्षणिक दृष्ट्या त्यासाठी युक्तिवाद होता, आणि तो दुबळा नव्हता. पण वाढलेल्या वर्षाचे पैसे कोणी भरायचे, यावर अवाक्षर नव्हते. ते विद्यार्थ्याने भरले. म्हणजे त्याच्या बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकून किंवा आईने गळ्यातले मोडून भरले.

शिष्यवृत्त्या आहेत की, असे येथे सांगितले जाईल. आहेत. मागासवर्गीयांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शुल्काची प्रतिपूर्ती आहे. पण त्यांतला मोठा भाग हा संस्थेच्या फीपोटी असतो. विद्यार्थी हा त्या पैशाचा केवळ निमित्तमात्र वाहक. शिवाय रक्कम संगणकाच्या पोर्टलवरून कधी उतरेल, याचा भरवसा नाही. दरम्यान संस्था गुणपत्रिका अडवून बसते. फी आणि पोट हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. विद्यावेतन पोटासाठी असते, ते दरमहा हाती पडावे लागते.

आणि पोटाचा हा प्रश्न सुटला नाही म्हणजे काय होते, हे शिक्षणखात्यातील शिपायालाही ठाऊक आहे. ज्या मुलाला दिवसा कोठे तरी चाकरी केल्यावाचून गत्यंतर नाही, तो महाविद्यालयात हजर राहूच शकत नाही. मग हजेरीची तडजोड होते. थोडे जादा पैसे मोजले की संस्था डोळे मिटते, सराव पाठ कागदावर होतात, निरीक्षणाच्या वह्या एका रात्रीत भरल्या जातात. पुढे हाच मुलगा पात्रता परीक्षेत नापास झाला की ‘शिक्षकांचा दर्जा घसरला’ म्हणून अग्रलेख लिहिले जातात. दर्जा त्या दिवशी घसरला ज्या दिवशी त्याला वर्गात बसणे परवडेनासे झाले. २०२१ साली उघडकीस आलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात अखेर सुमारे ७,८८० उमेदवार दोषी धरले गेले. त्यांचे समर्थन कोणी करू नये. पण प्रवेशापासून हजेरीपर्यंत सारे विकत घ्यायला ज्या व्यवस्थेने शिकवले, तिला शेवटचा गुणांचा सौदा पाहून धक्का बसावा, हा मोठाच विनोद आहे.

विद्यावेतनाला होणारा सर्वांत ठाशीव आक्षेप असा : आधीच लाखो प्रशिक्षित बेकार आहेत, तेव्हा आणखी शिक्षक घडवायला सरकारने पैसे का ओतावेत? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. २०१२ साली महाराष्ट्रात शिक्षकभरतीवर बंदी आली, ‘पवित्र’ पोर्टल २०१७ साली आले, आणि २०२३ साली झालेल्या अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले, तेव्हा पुढल्या वर्षी जाहिरात निघाली ती सुमारे २१ हजार जागांची. दरम्यान अध्यापक विद्यालयांतील बाके ओस पडली आणि कित्येक विद्यालये बंद झाली. परंतु यातून निष्कर्ष निघतो तो आक्षेपकांच्या नेमका विरुद्ध. ही लाखोंची रांग तयार कशी झाली? सरकारच्या खिशातून काही जात नव्हते म्हणून! प्रत्येक छात्राध्यापकामागे दरमहा काही हजार रुपये तिजोरीतून द्यावे लागले असते, तर अर्थखात्याने पहिल्याच वर्षी विचारले असते की येत्या पाच वर्षांत शिक्षक लागणार किती, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या विषयाला. विद्यावेतन हा नियोजनाचा लगाम आहे. तो सोडून दिला आणि तरुणांच्या आयुष्याची किंमत संस्थाचालकांनी वसूल केली.

बरे, तिजोरी खरोखरच रिकामी आहे काय? २०२४ साली महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी उत्तीर्णाला सहा हजार, पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये दरमहा, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. यातले काही प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदांच्या शाळांत जाऊन वर्गावर उभे राहिले. मात्र शिक्षण चालू असलेला तरुण या योजनेला पात्र नाही. म्हणजे शिकवण्याचे प्रशिक्षण न घेतलेला पदवीधर शाळेत आला तर त्याला दहा हजार, आणि शिकवण्याचे प्रशिक्षण घेत असलेला पदवीधर त्याच शाळेत आंतरवासितेसाठी आला तर त्याला काहीच नाही. उलट त्याच काळाची फी त्याने भरायची. याच सरकारने २०२३ साली रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजार रुपये मानधनावर बोलावण्याचा निर्णय घेतला होता. पैसा आहे, तो कोणाला द्यायचा नाही, एवढेच ठरलेले आहे.

नोकरी लागली तरी हा छळ संपत नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. २०००पासून शिक्षण सेवक नावाची पायरी आहे : तीन वर्षे मानधनावर काम, आणि ते मानधन प्राथमिकला तीन हजार होते, मग वर्षानुवर्षे सहा हजार राहिले, २०२३ साली सोळा हजार झाले. दोन वर्षे पदरमोड आणि तीन वर्षे अर्धपोटी, अशी पाच वर्षे काढू शकणारे घर कोणते असते, याचा विचार केला म्हणजे आदिवासी पाड्यांवर स्थानिक शिक्षक का मिळत नाही याचा उलगडा होतो. धडगावात भिली, मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया बोलणारी मुले पहिलीत येतात तेव्हा त्यांची भाषा जाणणारी शिक्षिका वर्गात असावी, हे सगळे शिक्षणतज्ज्ञ सांगतात. ती शिक्षिका होऊ शकणारी मुलगी त्याच पाड्यावर आहे. बारावी होऊन मजुरीला जाते आहे.

२०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या ठिकाणी आपला बचाव करू पाहील. ग्रामीण भागातील हुशार विद्यार्थी शिक्षकी पेशात यावेत म्हणून चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी मोठ्या संख्येने गुणवत्ताधारित शिष्यवृत्त्या दिल्या जातील, आणि त्यांना आपापल्या भागात नोकरीत प्राधान्य मिळेल, असे त्यात म्हटले आहे. वाचायला छान आहे. पण कोठारी आयोगाने फी सर्वांचीच काढून टाकावी म्हटले होते आणि विद्यावेतनाला सढळ हाताची अट घातली होती; येथे ‘गुणवत्ता’ ही चाळणी आली. आणि त्याच धोरणाने २०३०पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची पदवी करायची ठरवले आहे, तीही बहुशाखीय संस्थेत. ज्या प्राथमिक शिक्षकाला आजवर बारावीनंतर तालुक्याच्या गावी दोन वर्षे काढावी लागत, त्याला आता मोठ्या शहरात चार वर्षे काढावी लागतील. चाळणीतून खाली पडणाऱ्यांनी हा खर्च कसा सोसायचा, हे धोरणाने सांगितलेले नाही.

इंग्लंडचे उदाहरण देणारेही भेटतात, म्हणून तेही पाहून घ्यावे. तेथे २०००पासून शिक्षक-प्रशिक्षणार्थींना सरकारी अनुदान मिळते; भौतिकशास्त्राच्या पदवीधराला ते अलीकडे पंचवीस हजार पौंडांहून अधिक झाले, प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला मात्र फारसे काही नाही. बाजारात ज्या विषयाचा तुटवडा, त्याची बोली वर, असा तो प्रकार. बहुतेकांवर शिकवण्याचे बंधन नाही, आणि या खर्चाचा परिणाम काय झाला हे खात्याने तपासलेच नाही, असे ताशेरे तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ साली मारले. बोली लावायची नसून बांधिलकी निर्माण करायची आहे, हे ध्यानात ठेवले तर ही चूक येथे टाळता येईल. विद्यावेतन घेणाऱ्याने आपल्या जिल्ह्यात ठरावीक वर्षे शिकवावे, असा करार जरूर करावा. पण करार दुहेरी हवा. प्रशिक्षण संपल्यावर वर्षभरात सरकार नेमणूक देऊ शकले नाही तर विद्यार्थी बंधनातून मुक्त.

शिक्षक संघटनांनाही येथे दोन शब्द सुनावणे भाग आहे. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३मध्ये त्या इतर कर्मचाऱ्यांबरोबर संपावर उतरल्या, तो लढा न्याय्य होता. पण छात्राध्यापकाच्या विद्यावेतनाची मागणी त्यांच्या सनदेत शोधूनही सापडत नाही. तो अजून सभासद नाही, वर्गणी भरत नाही. म्हणून तो आपला नाही, असेच काहीसे गणित असावे. अध्यापक विद्यालयांतील मुले दोन वर्षांत पांगतात, त्यांची संघटना टिकत नाही, आणि सरकारला हे पक्के ठाऊक आहे.

संपूर्ण विद्यावेतनाची मागणी लावून धरताना निदान वीस आठवड्यांच्या आंतरवासितेपासून सुरुवात करण्यास काहीच हरकत नसावी. शाळा सरकारच्या, रिकाम्या जागा सरकारच्या, वर्ग सांभाळणारा छात्राध्यापक. हजेरीपत्रक मुख्याध्यापकापाशी असतेच. दर युवा प्रशिक्षण योजनेचाच घ्यावा, म्हणजे बारावीवरून आलेल्याला सहा हजार आणि पदवीधराला दहा हजार. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयोग लागत नाही. मंत्रालयातून निघणारा एका पानाचा शासन निर्णय आणि पुरवणी मागण्यांतली एक ओळ पुरते.