शिवाजी पार्कची धूळ आणि गवताचा हिशेब

दादरच्या शिवाजी पार्कची धूळ हा आता केवळ तेथील रहिवाशांच्या तक्रारीचा विषय राहिलेला नाही. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मैदानावरील मातीचा वरचा थर काढण्याची सूचना महापालिकेला केली. महापालिकेने पवईच्या आय. आय. टी.तील तज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि हिरवळ लावण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. पुन्हा अशासाठी की, तुषार सिंचन, पर्जन्यजलाच्या विहिरी आणि गवताची लागवड हे उपाय या मैदानावर त्यापूर्वीही करण्यात आले होते. धूळ मात्र हटली नाही. तेव्हा प्रश्न गवत कोणते लावावे हा नसून लावलेले गवत टिकत का नाही, हा आहे.

मैदानासाठी योग्य गवत शोधण्यास दूर जावयास नको. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा, म्हणजेच शेतकऱ्याची हरळी, ही उष्ण प्रदेशातील क्रीडांगणांसाठी जगभर मान्यता पावलेली वनस्पती होय. ती जमिनीवरून आणि जमिनीखालूनही खोडे पसरवीत जाते. पायाखाली तुडविली गेली तरी पेरापेरांतून पुन्हा फुटते. शेतातून तिला हद्दपार करता करता शेतकरी थकतो. अशी चिवट हरळीही ज्या जमिनीवर तग धरत नाही, त्या जमिनीचे काहीतरी मूलतःच बिघडले आहे, असे मानणे भाग आहे.

हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. सततच्या वर्दळीने मातीच्या कणांमधील पोकळ्या दबून जातात. मग मुळांना हवा मिळत नाही, पाणी खाली न मुरता वरच साचते किंवा वाहून जाते, आणि मुळे वरच्या थरातच घुटमळतात. क्रिकेटच्या खेळपट्टीसाठी माती रोलरने दाबून कठीण करावी लागते. परंतु तिच्याभोवतीच्या मैदानाला नेमका उलट उपचार हवा असतो. पोकळ दातांच्या यंत्राने तेथील मातीला छिद्रे पाडावी लागतात, त्यांत वाळू व खत भरावे लागते, आणि कापणी करताना पात्याचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी छाटावयाचा नाही, हे पथ्य पाळावे लागते. हे काम दरवर्षी करावयाचे असते. दाबलेल्या जमिनीवर नव्या मातीचा थर पसरल्याने ते साधत नाही. उलट तोच थर सुटा होऊन वाऱ्यावर उडू लागतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. त्यातील २१ एकरांवर गवत राखावयाचे ठरविले आणि कोरड्या दिवसांत रोज चार मिलिमीटर पाणी धरले, तरी दिवसाला सुमारे ३ लाख ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ३४ टँकर पाणी लागेल. आठ महिन्यांची गरज आठ कोटी लिटरांच्या घरात जाते. याउलट, मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे लक्षात घेता, या मैदानावर दरवर्षी बावीस कोटी लिटरांहून अधिक पाणी आकाशातून पडते. म्हणजे येथे वाण आहे ती पाण्याची नव्हे, साठवणीची. जेवढे साठणार नाही तेवढी तूट शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून भरून काढता येईल. पिण्याचे पाणी त्यासाठी वापरण्याचे समर्थन कोणीही करणार नाही.

तथापि, माती आणि पाणी यांहूनही अवघड प्रश्न विश्रांतीचा आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने या मैदानावरील क्रीडेतर कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस मुक्रर केले. सभा, संचलने आणि महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर येणारा जनसागर यांचे या मैदानाशी असलेले नाते जुने आहे आणि ते कोणी नाकारू नये. परंतु ४५ दिवस समारंभांचे आणि उरलेले ३२० दिवस खेळाचे, अशा या वाटणीत गवताच्या वाट्याला एकही दिवस येत नाही. मंडपाचे खांब आणि अवजड वाहने यांनी केलेली हानी भरून येण्यापूर्वीच क्रिकेटचा हंगाम ऐन भरात आलेला असतो. मोठ्या स्टेडियमची हिरवळ टिकते, ती तेथे वर्षातून मोजकेच सामने होतात म्हणून.

यावर कृत्रिम हिरवळीचा सोपा मार्ग सुचविला जातो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकीने तो पत्करला, आणि त्याची किंमत गवतावर खेळणाऱ्या भारतीय हॉकीला कशी मोजावी लागली, हे सर्वज्ञात आहे. कृत्रिम हिरवळ उन्हात तापते, काही वर्षांनी बदलावी लागते आणि बहुधा तिच्याभोवती कुंपण आणि तासाच्या भाड्याचा फलक येतो. रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला तो याच खुल्या मैदानावर. चाळीतील मुलाला बॅट घेऊन निःशुल्क उतरता येईल अशा जागा मुंबईत आधीच थोड्या आहेत. मैदान धुळीस मिळाले की ते भाड्याने देण्यास आपोआप निमित्त मिळते, हा खरा धोका आहे.

म्हणून महापालिकेने एकदाच्या मोठ्या कंत्राटाऐवजी कायमच्या व्यवस्थेचा विचार करावा. मैदानाचे चार-पाच भाग पाडून त्यांना आळीपाळीने सहा-आठ आठवडे विश्रांती द्यावी. त्याचे वेळापत्रक क्लब, शाळा व रहिवासी यांच्या संमतीने आधी जाहीर करावे. लागवड जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर करावी. समारंभाच्या परवान्यातच दुरुस्तीचा खर्च अंतर्भूत असावा. आणि माळ्यांची जाणती तुकडी कायम नेमावी. आपल्या क्लबचे जाळे दोन महिने दुसरीकडे हलविण्याची तयारी खेळाडूंनीही ठेवावयास हवी. या गैरसोयी पत्करण्याची तयारी नसेल, तर कितीही वेळा गवत लावले तरी ऑक्टोबर उलटताच दादरकरांच्या घरात पुन्हा धूळच येईल.